तीन की चार

४ नोव्हेंबर, मंगळवार
आज सिनियर डॉक्टर मेत्रे मॅडमनी तपासणी करताना पुन्हा थांबवलं. "रेहाना, प्रोब दाबताय. आणि काख राहिली." राहिली होती खरी. इतकी वर्षं सोलापुरात सोनोग्राफी करतेय. गरोदर बायका, मुतखडे, पित्ताशय. स्तनांची वेगळीच, हे आत्ता कळतंय. हॉस्पिटलचा नवा नियम : आधी मॅडमच्या देखरेखीखाली केसेस, मग बाहेरचे परीक्षक समोर बसून बघणार. तोवर रिपोर्टवर सही मॅडमची. नियम बरोबरच आहे. परीक्षक १४ला येतायत, पुण्याहून.

६ नोव्हेंबर, गुरुवार
दुपारी अकलूजहून नणंदेचा, नूरआपाचा फोन, इक्बालच्या मोठ्या बहिणीचा. आधी ऊसतोडीचं, मग नातवाच्या खोकल्याचं. मग हळूच, आंघोळ करताना छातीत हाताला गाठ लागते म्हणे. कधीपासून? "बकरीद के बाद से." म्हणजे पाच महिने.
म्हटलं, इकडे या, मॅडमना दाखवू.
"मॅडम कायकू? तूच देख. परायों के सामने नक्को."
मला अजून परवानगी नाही म्हणून सांगितलं. मग, "तेरेकू परवानगी नै?"

८ नोव्हेंबर, शनिवार
इक्बाल : "घरचं माणूस आहे. पाच मिनिटं प्रोब लाव, कोण विचारतंय?"
मी नाही म्हटलं. नियमाचं कारण दिलं. खरं कारण सांगता आलं नाही, की मला ती गाठ साधी निघायला हवी आहे, आणि हवी आहे म्हणून मला ती तशीच दिसेल.
तो खाली मान घालून जेवत राहिला. चपात्या करपल्या.

१० नोव्हेंबर, सोमवार
आपा एसटीने आली. मी आत उभी राहणार असेन तरच तयार. मॅडमनी आधी स्वतः पाहिलं, मग प्रोब माझ्या हातात. "आता तुम्ही. मी आहे." आपा छताकडे बघत होती.
गाठ सापडली. गोलसर, कडा गुळगुळीत. "तीन," मी म्हटलं. श्रेणी तीन म्हणजे गाठ बहुधा साधी, सहा महिन्यांनी परत बघू. चार म्हणजे संशय, सुई घालून तुकडा तपासायला.
"प्रोब फिरवा," मॅडम म्हणाल्या.
फिरवला. दुसऱ्या बाजूने एक कड नीट दिसेना, जराशी विस्कटलेली.
"चार."
बाहेर आल्यावर मॅडमनी आवाज न चढवता विचारलं, "दुसरी कुणी असती तर फिरवायच्या आधी तीन म्हणाला असतात?"
मी बायोप्सीचा कागद भरायला घेतला.

११ नोव्हेंबर, मंगळवार
बायोप्सी झाली. सुईच्या वेळी आपाने माझं मनगट धरलं होतं. रिक्षात म्हणाली, "सूनबाईच्या पोटातलं बाळ नीट आहे हे लगेच सांगायचीस. आता का गप?"
रिपोर्ट येऊ दे, म्हटलं.
"डर गई क्या?"
हो म्हणायला हवं होतं. भाजी घ्यायची आहे म्हटलं.
रिपोर्ट येईपर्यंत ती आमच्याकडेच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
परीक्षा. परीक्षक साठीचे, कमी बोलणारे, सारखं काहीतरी लिहिणारे. पेशंट कुंभारीच्या, विड्या वळणाऱ्या एक बाई. लिहिण्याचा आवाज ऐकून मला कुजबुजत, "त्ये काय लिवायलेत वो?"
"माझी परीक्षा हाय."
"मग नीट बगा की."
काख पाहिली. दोन्ही बाजूंनी फिरवलं. बाईंचं काही वावगं नव्हतं, साधी पाण्याची गाठ.
शेवटी परीक्षकांनी विचारलं, अलीकडे कुठे चुकता चुकता राहिलात? तयार उत्तर होतं, जुनं, बिनधोक. पण तोंडातून आपाच निघाली. नणंद आहे हेही. तीन म्हणाले तेही. त्यांनी पेन खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं. लिहिलं काय ते कळलं नाही. निकाल नंतर कळवणार.
घरी इक्बालने "कसं झालं" एवढंच विचारलं. सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंस, मॅडमना दाखवलंस."

१८ नोव्हेंबर, मंगळवार
निकाल नाही. लॅबचा रिपोर्टही नाही. त्यांना आणखी एक तपासणी लावायची आहे म्हणे. त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो, हे पेशंटना मी स्वतःच सांगते.
मॅडम म्हणाल्या, "उद्याच्या केसेस तुम्ही करा, मी सही करते." कौतुक की सवय, कळेना. आज तीनदा एकच जागा पाहिली. पेशंट वैतागली.
आपा स्वयंपाकघर ताब्यात घेऊन बसलीय. मसाल्याचे डबे हलवलेत.

२० नोव्हेंबर, गुरुवार
लॅबचा फोन. रिपोर्ट तयार आहे, येऊन घेऊन जा. फोनवर सांगा म्हटलं, तर ती मुलगी म्हणाली, नाही मॅडम, डॉक्टर समोर बसून बोलतील. मी डॉक्टरच आहे, म्हणणार होते.
इक्बालने गाडी काढली. मी म्हटलं, आपा, तुम्ही घरी थांबा, आम्ही आणतो. तिने बुरखा घालून बटणं लावली, गॅस बंद आहे का पुन्हा पाहून आली.
"मेरा है," म्हणाली. "पहले मैं सुनूँगी. तू बाद में समझा."
तिघंही चाललोय