लाईट गेल्यावरचा हात

मंगळवार, १४ मे २००२
आचोळे, संध्याकाळ

आज सातिवलीच्या कारखान्यात जुने कामगार बाळूदादा पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. मधेच लाईट गेली, तसा त्यांनी हात आत घालून अडकलेला पत्रा ओढला. "लाईट नाय तवाच हात घालाचा," म्हणाले. "मशीन झोपलेलं असतं."

तेव्हापासून तो हात डोळ्यांसमोरून हलत नाही. याच प्रेसवर बसणारी नवी कंट्रोल चिप मी डिझाइन केली आहे. कॉम्प्युटरवर, सिम्युलेटरमध्ये महिनाभर चालवली, एक चूक नाही. पण माझ्या सिम्युलेटरमध्ये लाईट कधी गेलीच नाही. दरवेळी मी सुरुवातीला व्यवस्थित रीसेट द्यायचो, म्हणजे चिप कोऱ्या पाटीने सुरू व्हायची. वसईत राहून हे सुचू नये?

घरी आल्या आल्या लाईट गेली-आली असं धरून, रीसेट न देता चिप सिम्युलेटरमध्ये चालवून पाहिली. कोणी बटण न दाबता तिने प्रेस खाली आणायचा हुकूम दिला. पडद्यावर नुसती एक हिरवी रेघ वर गेली.

साहेबांना फोन करून हे सांगितलं. "चिप लावून बोर्ड उद्याच बसवायचा. लाईट जाते, येते, त्यात काय एवढं?" म्हणाले आणि ठेवून दिला.

चिप माझ्याच पिशवीत आहे. उद्या ती घरीच राहील, मग नोकरी राहो न राहो. लाईट जाते आणि येते, त्याच्या मधेच तर तो हात असतो.