कच्चं पर्सिमॉन चावल्यावर

आई, आधी बॅगेतले कपडे पुन्हा कपाटात ठेवा, मग पुढचं वाचा.

काल जेवताना ह्यांनी विचारलं, "आई आता इथेच राहिली तर चालेल ना?" आणि मी भिंतीकडे बघत गप्प बसले. तो राग नव्हता हो! नेमकं तेव्हाच मी कच्चं पर्सिमॉन, ते टोमॅटोसारखं दिसणारं केशरी फळ, चावलं होतं. जीभ अशी आखडली की हूं की चूं करता येईना. मी बोलती होईपर्यंत तुम्ही बॅग भरून, दार लावून झोपलातही. आज कामावर माझी सकाळची पाळी, म्हणून लिहून जातेय.

ते फळ कडक आणि देखणं असेपर्यंत हात लावू नका. गिळगिळीत होऊन नासल्यासारखं दिसलं की देठ काढून चमच्याने खा, मधासारखं लागतं. तसं एक फ्रिजमध्ये तुमच्यासाठी ठेवलंय.

खरं सांगू? तोंड मोकळं असतं तरी मी मिनिटभर विचार केलाच असता. पण हो म्हटलं असतं.

खिडकीतली सहा अजून दगड आहेत, पिकायला दहा दिवस लागतील. तुमचे चिरंजीव रोज अंगठ्याने दाबून त्यांची वाट लावतात. राखणीला घरात कुणीतरी हवंच. ती संपली की मी आणखी आणीन. कच्चीच.