आर्वोदादाची सतरा काडतुसं

ऑटर क्रीक रस्ता, मिशिगन
२६ नोव्हेंबर १९८६

आदरणीय आयलीवहिनी यांस,

धाकटा दीर रेनो याचा नमस्कार. तुमची प्रकृती बरी असेल अशी आशा करतो. (आशा कशाला, सकाळी सात वाजता तुमच्या स्वयंपाकघराचा दिवा लागतो तो मला माझ्या खिडकीतून दिसतो. गुडघ्याचं मात्र दिव्यावरून कळत नाही.) आपल्या दोन घरांमध्ये एक रस्ता आणि एक बटाट्याचं शेत आहे, दोघांच्या टपालपेट्या एकाच खांबावर आहेत, आणि तरीही हे पत्र मी अकरा मैल गाडी हाकून पोस्टात टाकणार आहे. तिथून ते फिरून इथेच येईल. तुमच्या पेटीत सरळ टाकायला आलो असतो तर तुम्ही हाक मारली असती, मी आत येऊन कॉफी प्यायलो असतो, वेलचीच्या पावाचे दोन तुकडे खाल्ले असते, बर्फ यंदा लवकर पडलं एवढं बोललो असतो आणि घरी गेलो असतो. माकेला घराण्यातल्या पुरुषांची बोलण्याची रीत तुम्हाला चाळीस वर्षं ठाऊक आहे. आम्हाला तोंडाने जमत नाही ते कागदावर थोडं जमतं.

सप्टेंबरात तुम्ही दादाची बंदूक माझ्या हातात दिलीत. आजोबांनी तांब्याच्या खाणीतल्या पहिल्या वर्षाच्या मजुरीतून घेतलेली, खालची दांडी पुढे ढकलून मागे ओढली की नवं काडतूस आत सरकवणारी, ती. तिच्याबरोबर सिगारचा डबा दिलात, त्यात दादाने स्वतः भरलेली सतरा काडतुसं होती. तिच्या मापाची काडतुसं कुठल्याही कारखान्याने काढणं बंद केल्याला आता तीस वर्षं होतील, त्यामुळे पितळी पुंगळ्या जपायच्या, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची आणि वर शिशाची गोळी दाबायची, हा उद्योग दादा दर हिवाळ्यात तळघरात बसून करायचा. तुम्ही म्हणालात, "भावजी, शिकारी कॅम्पच्या रिवाजाप्रमाणे तो गेल्यानंतरच्या पहिल्या मोसमाला त्याची बंदूक त्याच्या जागेवर न्या. आणि त्याच्याच हातची गोळी उडवा. दुसऱ्या कुणाची नको." मी हो म्हणालो. मेलेल्या माणसाच्या बंदुकीने पहिलं हरीण पडलं की त्याचं काळीज त्याच्या बायकोकडे पोचवायचं, हा रिवाज आपल्या वडिलांच्या वेळेपासून चालत आलाय. त्याला नाही कसं म्हणणार?

पण वहिनी, आम्हा काडतुसं भरणाऱ्यांचा आणखी एक नियम आहे, आणि तोही वडिलांचाच. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपण उडवायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. यात कुणाचा अपमान नसतो. (एकोणपन्नास साली मी दादाचं काडतूस नाकारलं तेव्हा त्याला अपमान वाटला होता, आणि तो माझ्याशी गवत कापणीपर्यंत बोलला नव्हता. पण कापणीपर्यंत तसं बोलण्यासारखं काही घडलंही नव्हतं.) शिवाय शेवटच्या वर्षात दादाचे बूट फ्रिजमध्ये सापडायचे आणि मला तो वडिलांच्या नावाने हाक मारायचा, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. काडतुसं गेल्या हिवाळ्यात भरलेली, पण सिगारच्या डब्यावर त्याच्या अक्षरात तारीख होती, साल होतं १९५१. ज्याला साल आठवत नाही त्याला दारूचं वजन काय आठवणार, असं माझ्या मनाने घेतलं. एकदा घेतलं ते काही केल्या सोडेना.

शेवटी ऑक्टोबरात एका दुपारी मी एक काडतूस उघडलं. गोळी ओढून काढली, दारू काट्यावर ओतली. दादाच्या वहीत लिहिलेलं वजन आणि हे वजन, गुंजभरही फरक नाही. मला बरं वाटलं. मग मनात आलं, एक बरोबर निघालं म्हणून दुसरं बरोबर असेलच कशावरून? म्हणून दुसरं उघडलं. तेही बिनचूक. तिसरं, चौथं. माझ्यासारख्या एकट्या माणसाला थांबवायला घरात कुणी नसतं हे एक, आणि संशयाचा असा गुण आहे की तो खाऊ घालावा तितका वाढतो. संध्याकाळपर्यंत सतराच्या सतरा उघडून झाली. सगळी बिनचूक होती, वहिनी. साल विसरलेल्या, भाऊ विसरलेल्या त्या माणसाच्या हाताने एकाही पुंगळीत एक कण कमी-जास्त घातला नव्हता. हे मला पुरेपूर कळलं तेव्हा टेबलावर दारूच्या सतरा ढिगल्या होत्या आणि दादाचं काडतूस एकही नव्हतं. तुमच्याकडे यायला निघालो, फाटकापर्यंत गेलो, बर्फाकडे पाहिलं आणि परत आलो.

तेव्हा ठरवलं, त्याच पुंगळ्या, तीच दारू, त्याच गोळ्या. आपण परत भरू. कुणाला काय कळणार. आता हे काम मी माझ्या बंदुकीसाठी आयुष्यभर केलंय, पण दादाच्या साच्यांना माझा हात लागलेला नव्हता. पहिलीच पुंगळी साच्यात अडकली, कारण दादाचं वंगण मला सापडलं नाही आणि मी लोणी लावलं. (खारवलेलं. ते चालत नाही.) साचा घेऊन आपल्या कॅम्पातल्या सुलो निएमीच्या कारखान्यात गेलो. त्याने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, पुंगळी न दुखावता काढून दिली आणि म्हणाला की पुढच्या वेळी पावही घेऊन ये. काट्यावर दारू तोलताना माझ्या श्वासाने पारडं हलत होतं म्हणून श्वास रोखून धरायचो, तर नवव्या पुंगळीला डोळ्यांपुढे काजवे चमकले. तरी सगळं रीतसर चाललं होतं. टोप्या बसवून झाल्या होत्या, पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या होत्या, मी एकेकीत दारू घालत होतो, आणि तेवढ्यात फोन वाजला.

तुमचाच फोन होता. आठवत असेल. तुम्ही विचारलंत, "त्याची काडतुसं ठीक आहेत ना?" आणि मी म्हणालो, "आहेत तशी आहेत." दोष तुमचा नाही, फोनचाही नाही. एवढं खोटं बोलून परत टेबलाशी आलो तेव्हा कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, आणि कुठल्या पुंगळीपर्यंत आलो होतो हे नीट आठवेना. पुढच्या पुंगळीपासून सुरुवात केली. गोळ्या दाबण्याआधी बॅटरी घेऊन प्रत्येक पुंगळीत डोकावायचं असतं. शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं. मी डोकावलो नाही.

पंधरा नोव्हेंबरला, मोसम सुरू झाला त्या दिवशी, उजाडताना दादाच्या जागेवर बसलो. पावणेआठला देवदारांतून आठ फाट्यांच्या शिंगांचा नर बाहेर आला आणि साठ पावलांवर आडवा उभा राहिला. मी चाप ओढला. फुस्स झालं. आपल्या कॉफीच्या किटलीचं झाकण याहून मोठा आवाज करतं. तो नर माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. मग तो सावकाश निघून गेला, त्याला घाई करावीशीही वाटली नाही. दांडी ओढली तर रिकामी पुंगळी बाहेर आली, आतून स्वच्छ. दारूच नव्हती. नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत जाऊन अडकली होती. मी तसाच दुसरा बार काढला असता तर नळी फुटली असती, आणि दफनभूमीत दादाच्या शेजारची जागा मोकळीच आहे. पण त्या क्षणी मला भीती वाटली नाही, हे खरं सांगतो. मला फक्त कळलं की हे माझ्या हातचं आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते. रात्री कॅम्पवर जेवताना सगळ्यांनी विचारलं. मी सांगितलं, दारू नव्हती. एवढंच. सुलो म्हणाला, "शेवटी आर्वोचं डोकं ठिकाणावर नव्हतं रे. घालायची राहिली असेल बिचाऱ्याची." सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी टोपी काढली. आणि वहिनी, मीही मान हलवली. वर "म्हातारपण" म्हणालो आणि बटाट्याचा रस्सा दुसऱ्यांदा वाढून घेतला. आयुष्यात ज्याच्या हातून कधी चूक झाली नाही त्या माणसाच्या नावावर मी माझी चूक लावली, तीही तो मेल्यावर, त्याच्याच खुर्चीत बसून. मला याची लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

मग सुलोने बायकोला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी चर्चच्या कॉफीला तिने तुम्हाला "मनाला लावून घेऊ नकोस" म्हटलं. तुम्ही कप खाली ठेवलात आणि घरी गेलात. मी कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी उभा होतो. गेल्या शनिवारी वाफेच्या आंघोळीसाठी पेटणाऱ्या तुमच्या सौनाच्या धुराड्यातून धूर आला नाही. चाळीस वर्षांत न्यूमोनिया सोडला तर असं झालेलं मला आठवत नाही. तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला होतात, तो बरोबर होता. चुकीचा मी होतो. एवढं लिहून थांबतो. गुडघ्याला ऊब द्या, बर्फ मी काढतो.

तुमचा दीर,
रेनो

ता. क. उद्या थँक्सगिव्हिंग म्हणून टपाल बंद, त्यामुळे हे शुक्रवारी पोचेल. मांसाचं म्हणाल तर यंदा माझ्याकडे काही नाही. सुलो देईल, त्याच्याकडे दोन हरणं आहेत आणि त्याला तसं सांगायला आवडतं.

ता. क. दुसरा. खरी विनंती ही आहे. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये कॅम्पचं जेवण आहे. सुलो, त्याची बायको, सगळे असतील. तिथे हे पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचा. लोण्याचंही वाचा. तुम्हाला उभं राहवत नसेल तर पास्टरांकडे द्या. मी वाचू शकणार नाही, पण हजर असेन. शेगडीपाशी, सगळ्यांकडे पाठ करून.

ता. क. तिसरा. हा हॉलमध्ये वाचू नका, हा तुमच्यासाठी आहे. वर सतरा उघडली असं लिहिलंय ते खरं नाही. सोळा उघडली. सतराव्याला हात लावला आणि उघडवेना. सुलोने नळीतली गोळी काढून दिल्यावर काल दुपारी तीन वाजता तुमच्या गोठ्यामागे मी ते उडवलं. खिडकीचा पडदा हलला, म्हणजे तुम्ही ऐकलंत. तो आवाज आर्वोदादाचा होता. पाकिटात त्याचीच पुंगळी घातली आहे. नाकाशी धरून बघा, अजून वास असेल.