न्हाणीवरचं लुगडं

मंगळवार, संध्याकाळ

ड्रोन चार्जिंगला लावला आणि परत काढून ठेवला. मन लागत नाही कशात.

ग्रामसभेत ड्रोनबंदीचा ठराव येणार आहे. लोकांनी एकदा वरून गाव बघितलं की त्यांची भीती जाईल, असं मला वाटत होतं. म्हणून दुपारी शेजारच्या सुमनकाकूंना मोबाइलवर व्हिडिओ दाखवायला गेले. तळं, कपाशी, केळझरकडचा डोंगर. काकू मन लावून बघत होत्या.

"लय साजरं दिसते व. मंग माही न्हाणी बी दिसत असन."

त्यांची न्हाणी म्हणजे चार बाजूंना टिनाचे पत्रे, वर उघडं. आज त्यावर जांभळं लुगडं ताणून बांधलेलं होतं. मला वाटलं, वाळत घातलंय.

मी म्हटलं, काकू, हा छंद आहे माझा, नियमात बसतो. आणि उडवणारी मी, बाईच ना?

"तू उडवून राह्यली का आणखी कोणी, हे मले आंग धुताना खालून कसं समजन?"

मी चहासुद्धा न घेता उठले. काऊन इतकी घाई केली मी?

घरी येऊन सकाळचा व्हिडिओ पुन्हा लावला. कपाशीच्या कडेला, कोपऱ्यात, तेच जांभळं लुगडं. पुढच्या घरीही एक चादर बांधलेली. सकाळी मी फक्त डोंगर बघत होते.

ग्रामसभेतलं भाषण पाठ आहे माझं. माझ्या बाथरूमला स्लॅब आहे, हे त्यात कुठेच नाही.