आटवलेले पाणी

१९ मार्च, दुपार

ताईंना नमस्कार.

तुम्ही दोघे बरे असाल असे धरून चालतो. मी बरा आहे. दुकान गेल्या आठवड्यापासून उघडतो. लोक चष्म्याबद्दल कमी आणि हिच्याबद्दल जास्त विचारतात. मग मी काच पुसत बसतो. समोरच्या शिंपीणबाई डबा देतात. आमटीत मीठ विसरतात, पण फुकटच्या डब्याला नावे कोणत्या तोंडाने ठेवायची?

त्या आज तुमच्या गल्लीत कपडे पोचवायला निघाल्या आहेत, म्हणून हे त्यांच्या हाती देतो आहे. फोन का नाही केला म्हणाल, तर फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. राग मानू नका. हीच म्हणायची, "ताईचा फोन आला की आधी खुर्ची ओढून बसावं."

टाकीवर पाटी लागली ती तुम्ही पाहिलीच आहे. आपल्या दोन्ही वस्त्यांना एकाच बोअरचे पाणी, त्यामुळे पाटीही एकच. पाण्यात आर्सेनिक निघाले आहे, बऱ्याच वर्षांपासून असावे. कारखानेवाले म्हणतात, ते खडकातून आले. खडक बिचारा काही बोलत नाही. इकडे टँकर येतो. रांगेत रोज कोणाचे तरी कोणाशी वाजते.

मध्ये उठलो होतो. नळ बंद आहे का ते पाहून आलो. नळाला पाणीच नाही, तरी पाहून आलो. हल्ली असेच होते, एका जागी बसवत नाही.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "ती पाटी मला नका सांगू. आम्ही उकळून, चांगलं अर्धं आटवून पितो. आम्हाला काय धाड भरलीय?" मी "हं" म्हणालो. तुम्ही पुढे भाड्याच्या खोलीचे बोलू लागलात आणि माझे बोलणे राहून गेले.

त्या फोनच्या आधीच पाणी तपासणाऱ्या बाई दुकानात आल्या होत्या, चष्म्याची काडी मोडली होती म्हणून. मी सहज विचारले, उकळले तर चालेल ना? त्या म्हणाल्या, "उकळून जंतू मरतात हो. हे जंतू नाहीत. मिठाचं पाणी आटवलं की खारट होतं ना? तसं." मग मी विचारले, अर्धे आटवले तर? त्या म्हणाल्या, "मग दुप्पट." चष्मा तयार होता, पण मला तो त्यांच्या हातात देणे सुचले नाही. त्यांनीच उचलून घेतला.

शिंपीणबाई दारातून विचारून गेल्या, "झालं का? का पोथी लिहिताय?" थांबा म्हटले.

ताई, तुम्हाला नुसते सांगून भागले असते तर पुढचे लिहिले नसते. पण कारण कळल्याशिवाय तुम्ही देवाचेही ऐकत नाही. म्हणून लिहितो.

हिच्या तळहातांवर कडक दाणे आले, तेव्हा आपण भांड्यांच्या साबणाला दोष दिला. छातीवर डाग आले, तेव्हा उन्हाला. आतला आजार कळला तोवर तो पार मुरला होता. हे सगळे तुम्ही राहायला यायच्या आधीचे. डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगितले आहे, मी तुमचे मन राखायला म्हणत नाही. मग तुम्ही आलात. पहाटे उठून पातेले चढवायचात, पाणी निम्मे होईपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. "हलकं झालंय, घोटभर तरी घे" म्हणून तिला बसवून पाजायचात. मी तर तेही करू शकत नव्हतो. मी दारात उभा राहायचो. ती तुमच्यामागे मला म्हणायची, "ताईचं पाणी म्हणजे काढा. पण प्यायले नाही तर रडेल ती." आणि सगळा पेला संपवायची.

त्या पाण्याने ती गेली असे कोणी म्हणत नाही. मीही म्हणत नाही. पण त्याने तिचे भलेही झाले नाही, थोडी भरच पडली असेल. हे मी माझ्यापाशीच ठेवणार होतो. तुम्ही तिच्यासाठी जे केले, तेवढे एक तरी तुमच्यापाशी शाबूत राहू द्यावे असे वाटत होते.

पण गेल्या खेपेला साडूभाऊंनी माझा हात धरून ठेवला होता. धीर देत होते, मोठे चांगले बोलले म्हणे, मला एक अक्षर आठवत नाही. मी त्यांचा तळहात चाचपत होतो. त्यांना वाटले असेल, याला हात सोडवत नाही. ताई, तसेच दाणे आहेत. मोहरीएवढे, अंगठ्याखाली. ते कामाचे घट्टे नव्हेत. घट्टे मला ओळखता येतात.

त्यांच्या बाबतीत अजून वेळ आहे. तो दवाखाना आता मला पाठ झाला आहे. रविवारी सकाळी पाण्याचे कॅन घेऊन येतो आणि सोमवारी आपण त्यांना तपासायला नेऊ. ते नको म्हणतील, तेव्हा तुमचा आवाज लागेल. माझा पुरणार नाही.

तुम्हाला माझे तोंड बघायचे नसेल तर दार उघडू नका, मी कॅन पायरीवर ठेवून बसून राहीन. हवे ते बोला, पुढची दहा वर्षे बोला. फक्त हे वाचून झाले की उठा, आणि गॅसवर जे आहे ते मोरीत ओता. ओतताना हिची आठवण येईल. तरी ओता.

तुमच्या धाकटीचा नवरा