गव्हाण अजून रिकामीच आहे

प्रिय आई,

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि मी आवाज चढवला की सून सासूशी भांडतेय असं बेटावरच्या तुमच्या वृद्धाश्रमातल्या बायकांना वाटतं, म्हणून लिहितेय. थंडी सुरू झाली तेव्हा फादर हामासाकींकडे तुम्ही दिलेला निरोप पोचला होता. यंदाचा नाताळ झाला की दुकानातली गव्हाण देवळाला देऊन टाका, आता घरात ती मांडणारं कुणी नाही, असा. शूहेई क्रीम फेटत राहिले. तुमचे चिरंजीव आहेत, तुम्हाला ठाऊकच आहे. मी फादरना म्हटलं, उत्तर मी सवडीनं कळवते.

गव्हाण मी मांडली. दरवर्षीसारखीच, काचेच्या कपाटाशेजारी, स्ट्रॉबेरीचे केक जिथून दिसतात तिथे. एका मेंढपाळाचा हात निघाला होता, तो बदामाच्या गोळ्यानं चिकटवला. खाऊ नका म्हणून ह्यांना बजावून ठेवलंय. आणि तुमच्या नियमाप्रमाणे मधली गवताची जागा रिकामी ठेवली. चोवीस तारखेच्या आधी बाळ जन्मत नाही, हे वाक्य मी लग्न होऊन आले त्या पहिल्या डिसेंबरपासून ऐकतेय. त्या वर्षी मी तुमच्या गव्हाणीत बाळ आधीच नेऊन ठेवलं होतं आणि तुम्ही ते सगळ्यांदेखत उचलून एप्रनच्या खिशात टाकलं होतं. तेव्हा फार लागलं होतं मला. यंदा मीच गिऱ्हाइकांना तेच वाक्य ऐकवत होते. ह्यांचं म्हणणं, रिकामी गव्हाण पाहून लोकांना माल संपला असं वाटेल.

सलूनवाल्या इवानागा काकूंनी मात्र कमाल केली. दोन-तीनदा येऊन काचेतून वाकून पाहून गेल्या, आणि एका सकाळी बघते तर गवतावर अंगठ्याएवढा जिझो, लाल लाळेऱ्यासकट. मुलांची राखण करणारा देव मुलाच्याच जागी निजवलेला. विचारलं तर म्हणाल्या, "अगं, तुमचं बाळ हरवलं ना? आई-बाप नुसते बघत बसलेत, मला बघवेना. सापडेपर्यंत राहू दे याला." हसावं की रडावं कळेना. टाकून देववलं नाही. मी त्याला मेंढपाळांच्या रांगेत उभा केलाय. तुम्ही चिडाल असं ह्यांना वाटतं, मला वाटतं तुम्ही हसाल.

चोवीस तारखेला दुपारपासून दारात रांग होती. शूहेई म्हणाले, "यंदा आई नाही, रात्रीपर्यंत उघडं ठेवू. केक न्यायला लोक कामावरून सुटूनच येतात." त्यांचं काही चुकत नव्हतं. इथल्या लोकांचा नाताळ म्हणजे तेवढी एकच संध्याकाळ, आणि ती आपल्याच दुकानातून घरी जाते. तरी अंधार पडल्यावर मी तुमची पाटी बाहेर लावली. "आज ज्याचा वाढदिवस आहे त्याच्या घरी गेलो आहोत. उद्या या." एक गृहस्थ ती वाचून म्हणाले, "वाढदिवस कुणाचा? केक इथूनच नेलात ना?" मी हो म्हटलं. ह्यांनी तोंड वाकडं केलं, पण शटर त्यांनीच ओढलं.

मग देवळातल्या रात्रीच्या मिस्साला आशीर्वादासाठी न्यायला बाळ काढायला गेले, तर बाळ नाही. तुम्ही ते दर वर्षी साखरेच्या जुन्या डब्यात, रुमालात गुंडाळून ठेवता. डबा रिकामा. मी फळ्या धुंडाळल्या, आणि शूहेई, जे बरीच वर्षं देवळाच्या पायऱ्या चढले नव्हते, ते गुडघ्यांवर बसून पिठाच्या पोत्यांमागे हात घालत होते. केस पांढरे, गुडघे पांढरे. शेवटी रिकाम्या हातानं गेलो. ते मागे, दाराशी उभे राहिले, पण शेवटपर्यंत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी फादर तुमच्या बेटावरची मिस्सा आटपून बोटीनं परतले आणि त्यांनी सांगितलं. बाळ तुमच्या उशाशी आहे. तुम्ही त्यांना म्हणालात, "तिकडे कोण ठेवणार त्याला?" आई, मला राग आला. मी बाप्तिस्म्याच्या पाण्याखाली डोकं धरलेलं नाही, धरेन असंही सांगत नाही, खोटी आशा लावायची नाही मला. पण तेवीस वर्षांचे डिसेंबर मी तुमच्या शेजारी उभी राहून काढलेत. मी घरात नव्हते का?

सव्वीसला सगळ्या गल्लीनं एका सकाळीत नाताळ गुंडाळून ठेवला. दारोदार नव्या वर्षाच्या पाइनच्या फांद्या आल्या, आम्हीही तांदळाची मोची विकायला मांडली. गव्हाण तिथेच आहे. इवानागा काकू विचारतात, "अजून नाही सापडलं?" मी सांगते, सापडलंय, यायचंय.

तर हे उत्तर. गव्हाण देवळाला देणार नाही. आणि बाळ पोस्टानं किंवा फादरबरोबर पाठवायचं नाही. बाळाच्या दर्शनाला तीन राजे येईपर्यंत नाताळ असतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. त्यांच्या सणाच्या आदल्या दिवशी सकाळच्या बोटीनं आम्ही दोघं तुम्हाला न्यायला येतोय. तिथल्या मुख्य बाईंशी बोलून ठेवलंय, दोन रात्री राहायची परवानगी मिळाली आहे. जाड मोजे घाला, धक्क्यावर वारं फार असतं. बाळ रुमालात गुंडाळून मांडीवर घेऊन बसा. गवतावर तुम्हीच ठेवायचं, आणि डबा आता कुठल्या फळीवर असतो ते मी दाखवीन, म्हणजे पुढच्या वर्षी मला न विचारता कुणी ते घेऊन जाणार नाही.

तुमचीच,
मियोको