चौसष्टपैकी अठरा

दि. १२ नोव्हेंबर

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चार पानांत सतरा उसासे मोजले. पुढच्या वेळी उसासे वेगळ्या कागदावर लिही, म्हणजे मजकूर सलग वाचता येईल. मुद्दा एवढाच ना, की तुझ्या लांब पल्ल्याच्या घोडदौडीला आता स्वार मिळत नाहीत? एके काळी एकसष्ट होते, मग चाळीस, गेल्या वर्षी सत्तावीस आणि यंदा आतापर्यंत अकराच नावं. ऐंशी किलोमीटर डोंगरातून खोगिरावर आदळत जायचं आणि शेवटी पशुवैद्याने घोड्याची नाडी बघून कौतुक करायचं ते घोड्याचं! शहाण्या माणसाला हे पटणं अवघडच. नाल ठोकता ठोकता तू चाळीस वर्षं ही दौड भरवलीस, याचंच नवल.

आता माझं ऐक. यंदा संस्कृतला सहा मुलं. पण हजेरीपटावर शेवटचा क्रमांक एकतीस. सोडून गेलेल्यांची नावं आम्ही खोडतो, क्रमांक तसेच ठेवतो. तपासनीस येतात, शेवटचा आकडा बघतात, चहा पितात आणि समाधानाने जातात. तूही तसंच कर की. स्वारांच्या छातीवरचे क्रमांक ओळीने कशाला द्यायचे? मधले गाळत जा. चौसष्ट नंबरचा घोडा दिसला की बघणारा बाकीचे त्रेसष्ट आपल्या मनानेच भरून घेतो.

माझ्या शाळेतल्या मैत्रिणीला, औषधवालीला, सांग की त्रेपन्नाव्या वर्षी दौडीत उतरून मला लाजवू नकोस. मी जिना चढताना दोन थांबे घेते. तिच्या करड्या घोडीला माझ्या नावाचं एक गाजर.

लोभ आहेच, थंडीत तो गोठू देऊ नकोस.
तुझी धाकटी


दि. २० जानेवारी

चि. शास्त्रीणबाईस,
अ. उ. आ.

तुझ्या डोक्याला सलाम. तू थट्टा केलीस, मी अमलात आणली. स्वार अठरा, क्रमांक एक ते चौसष्ट. कापडी बिल्ले काल शिंप्याकडून आले, झोकदार झालेत. पन्नास स्वार असले तरच वनखातं डोंगरवाट उघडून देणार, असा यंदापासून नवा नियम निघालाय. तिथला साहेब शेवटचा आकडा बघून म्हणाला की यंदा बरीच मंडळी दिसतात. मी नुसती मान हलवली. खोटं काही बोललो नाही.

एक अडचण आहे. सगळ्यांच्या मागून जाऊन, कोणी राहिलं का ते बघत, झाडांना बांधलेल्या खुणेच्या फिती सोडत येणारा आपला जुना स्वार गुडघ्यांमुळे घरी बसला. मागून जाण्यात मिरवायला मिळत नाही, म्हणून दुसरा कोणी तयार होत नाही. फिती दुसऱ्या दिवशी मीच सोडीन. शेवटच्या थांब्यावर तू लग्नाआधी वही घेऊन बसायचीस, तिथे शाळेचा शिपाई बसेल. क्रमांकासमोर खूण करायला काय विद्वत्ता लागते?

औषधवालीला एक्केचाळीस नंबर दिला. म्हणाली, एवढ्या गर्दीत आता मला कोण विचारणार. खूप हसली.

तब्येतीस जप, जिने कमी चढ.
दादा


दि. ९ फेब्रुवारी

चि. शास्त्रीणबाईस,
अ. आ.

फोन केला नाही, कारण बोलवेना. औषधवाली जिवंत आहे. खिंडीखालच्या वळणावर वाट खचलेली होती. फिती बांधताना ते मला दिसलं होतं. चार दगड ठेवून मी पुढे गेलो. तिथे घोडीचा पाय सुटला आणि दोघी घळीत गेल्या. हिचं कमरेचं हाड मोडलं. करडी गेली.

ती परतली नाही, हे आमच्या ध्यानातच आलं नाही. शिपायाच्या कागदावर चौसष्ट रकाने होते, त्यांतले शेहेचाळीस तसेही कोरेच राहणार होते. सत्तेचाळिसावा कोरा राहिला, तर कोणाच्या डोळ्यांत खुपणार? ती घरूनच घोडीवर बसून आली होती, त्यामुळे मैदानात तिची गाडी उरली नाही. घरी वाट बघणारं कोणी नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या दुकानाचं शटर उघडलं नाही, तेव्हा मधुमेहाच्या गोळ्या घ्यायला आलेल्या म्हाताऱ्याने मला कळवलं.

वीस तारखेला वनखात्याच्या चौकशी समितीपुढे अहवाल द्यायचा आहे. मसुदा सोबत आहे. अनुपस्थिती लक्षात येताच तातडीने शोध घेतला, हे वाक्य मी घातलंय आणि ते खोटं नाही. बाकीचं तू नीट लिहून दे, तुझ्या लिहिण्याला वजन आहे. क्रमांकांचा विषय नको. वाट एकदा बंद झाली, तर माझ्या हयातीत उघडायची नाही. तुझं नोव्हेंबरचं पत्र फाडून टाकतो आहे, तुझ्याच भल्यासाठी.

दादा


दि. १५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र फाडू नकोस. इतका मूर्खपणा इतक्या सुवाच्य अक्षरात माझ्या हातून पुन्हा व्हायचा नाही.

काल इस्पितळात जाऊन आले. तुला तिने सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. ती दुपारी एकच्या सुमारास पडली. ती घळ मैदानाच्या बरोबर वर आहे. खालचा लाउडस्पीकर तिला स्वच्छ ऐकू येत होता. पहिलं बक्षीस कोणाला, दुसरं कोणाला, सगळं तिने पडल्या पडल्या ऐकलं. हाका मारून मारून घसा बसला, तरी तुमच्या टाळ्यांपुढे तिचा आवाज पोचेना. मग तुझा आवाज आला, की सर्व स्वार सुखरूप परतले, सगळ्यांचे आभार. ते ऐकून क्षणभर तिला वाटलं, आपण यंदा उतरलोच नव्हतो की काय. तिने छातीवरचा बिल्ला चाचपून पाहिला. घोडी शेजारी अजून श्वास घेत होती. संध्याकाळ होईपर्यंत घेत होती.

ती मला एकच विचारत राहिली, की दादांना कळलं कसं नाही. तुझं तातडीचं वाक्य तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं. व्याकरणात त्याला नाव ठेवायला जागा नाही, पण ते मला उच्चारता येईना. मी तिला सगळं सांगितलं. हजेरीपट सांगितला, माझी थट्टा सांगितली. तिने विचारलं, एकूण होतो तरी किती आपण? अठरा म्हटल्यावर म्हणाली, अठरा चेहरे तर मी दुकानात गोळ्या मोजता मोजता लक्षात ठेवते. पाणी मागितलं, ते दिलं. मग म्हणाली, आता जा.

अहवाल मी लिहिणार नाही. तू लिही, आणि त्यात अठरा लिही, खचलेलं वळण लिही, मागून कोणी नव्हतं हे लिही. युक्ती माझी होती, हेही खुशाल लिही. वीस तारखेला तू बोलला नाहीस, तर एकवीस तारखेला मी समितीला पत्र टाकीन. ही धमकीच आहे. धाकट्या बहिणीने थोरल्या भावाला द्यावी अशी नाही, पण आहे.

माझ्यावरचा लोभ आटला तर तो माझ्या कर्माचा भाग.
धाकटी


दि. २८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझ्या मनासारखं झालं. उभा राहिलो आणि सगळं बोललो. वळणाचं बोललो, दगडांचं बोललो. तुझं नाव घेतलं नाही. उपकार म्हणून नव्हे, बहिणीच्या थट्टेवर दौड चालवली हे सांगायची लाज वाटली. अध्यक्षांनी विचारलं, शेवटच्या थांब्यावर पूर्वी कोण असायचं. म्हटलं, एक जण होती, ती घोडा चालण्यावरून ओळखायची. तिला क्रमांक लागायचे नाहीत. ती शहरात शिकवायला गेली.

डोंगरवाट कायमची बंद. फाटकावर पाटी मलाच लावायला सांगितली. घरात दुसरे खिळे नव्हते, नालेचेच ठोकले. चाळीस वर्षांचं काम पाच खिळ्यांत आटोपलं. तू खरं बोलायला लावलंस, याबद्दल आभार मानायला हवेत. मानत नाही.

तिथून तसाच इस्पितळात गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो की तिला म्हणायचं, मी सगळं सांगून आलोय. वॉर्डाचं दार अर्धं उघडं होतं. तिचा वजन टांगलेला पाय दिसत होता, उशाशी ठेवलेला चष्मा दिसत होता. परिचारिका आत जाऊन माझं नाव सांगून आली. येताना माझ्याकडे बघत नव्हती. म्हणाली, बाईंनी निरोप दिलाय, की त्या इथे नाहीत.

मी बरं म्हणून परत आलो.

काही दिवस पत्र नको.
दादा